उजनीचे ‘मायनस’ पाणी

उन्हाळा लागला की सोलापुरात दोन माणसे भेटली तरी चौकशी एकच: उजनी धरण किती टक्के? होळीनंतर बहुतेक वर्षी उत्तर येते, ‘मायनसमध्ये गेली.’ शाळकरी पोरालाही हा शब्द पाठ आहे. पण या मायनसचा हिशेब फार थोड्यांनी मांडून पाहिलेला असतो.

सिद्धेश्वर तलाव आणि 1871 चा हिप्परगा तलाव, एवढ्यावर या गावाने पिढ्या काढल्या. 1972 च्या दुष्काळात विहिरींचे तळ दिसले. 1980 मध्ये भीमेवर उजनी पूर्ण झाली आणि जिल्ह्याचे पीकपाणीच पालटले. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा हा मुलूख उसाचा झाला. ऊस बारा महिने उभा राहतो आणि बारा महिने पाणी मागतो.

उजनीत मावते सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. त्यातले 53.57 उपयुक्त, 63.66 मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेले तळचे पाणी. म्हणजे मृत म्हटलेलेच पाणी जास्त! धरण भरते 496.83 मीटरला, मृतसाठ्याची रेषा आहे 491.03 वर. उपयुक्त साठ्याचा सगळा खेळ या सहा मीटरच्या आत. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची मोजतात आणि रेषेखाली गेल्यावरही मोजपट्टी तीच राहते. म्हणून उणे 40 टक्के म्हणजे मृतसाठ्यातून 21 टीएमसी गेले, 42 उरले. जून 2024 मध्ये आकडा उणे 60 ला टेकला, तेव्हा 32 टीएमसी गेले होते, मृतसाठा निम्म्यावर आला होता. पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते ते अशाच उन्हाळ्यात. नदी-कालव्यात पाणी सोडण्याचे निर्णय घेणाऱ्यांनी हा साठा अडीअडचणीचा म्हणून कधी राखलाच नाही. ‘मायनस’ या शब्दाने ती उचल नेहमीची करून टाकली.

पाणी जाते कुठे? उन्हाने उडते, फुगवट्याच्या काठावरच्या मोटारी खेचतात. पण सगळ्यात वादाचा निर्णय शहरासाठी नदीत पाणी सोडण्याचा. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचे. माणशी रोज 135 लिटर धरा, एक टीएमसी सात महिने पुरतो. वर्षाला दोनसुद्धा लागत नाहीत. आणि शहर जिथून पाणी उचलते त्या भीमेवरच्या औजच्या बंधाऱ्यात शहरापुरते पाणी पोचावे म्हणून नदीपात्रातून एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडत आले. वाटेत वाळू पिते, बंधारे भरतात, काठाला मोटारी सुरू होतात. काठच्या गावांनाही प्यायला पाणी हवे, ते खरेच. पण ‘पिण्यासाठी’ म्हणून सोडलेल्या पाण्यावर उसाचे फड भिजत आले आणि शहरात नळ चार-पाच दिवसांआड येत राहिला, ही नुसती उधळपट्टी. उजनीहून शहरापर्यंत जुन्या जलवाहिनीला समांतर अशा दुसऱ्या जलवाहिनीचे काम वर्षानुवर्षे रखडवणाऱ्यांनी ती चालू ठेवली.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. 2024 च्या ऑगस्टमध्ये पुण्याकडच्या पावसाने हेच धरण काठोकाठ भरले. उजनीतला खड्डा एका पावसाळ्यात बुजू शकतो.

बोअरचे तसे नाही. आपला काळा पाषाण पाणी धरतो तो मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खोलवर पाणी थोडे, आणि ते मुरायला वर्षे लागतात. 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपुढची विहीर ‘खोल’ ठरवली आणि अधिसूचित, म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारने जाहीर केलेल्या क्षेत्रात तिला मनाई केली. साठ मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आमच्या गल्लीत मागच्या एप्रिलमध्ये रात्री अकराला बोअरची गाडी लागली. दोनशे फुटांवर ओली माती आली, धार करंगळीएवढी. मालक म्हणाले, “अजून घाल.” पाचशेपर्यंत नुसता पांढरा धुरळा उडत राहिला. पहाटे आमच्या अंगणातली तुळस त्या भुकटीने पांढरी झाली होती, आणि गाडी पुढच्या गल्लीत उभी होती.