एबेल स्टर्न्स दप्तर

एबेल स्टर्न्स (१७९८–१८७१) या लॉस एंजेलिसच्या व्यापारी-जमीनदाराचा पत्रव्यवहार, हिशेब आणि जमिनीचे कागद यांचा संग्रह. तो कॅलिफोर्नियातील सॅन मरिनो येथील हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. कागद स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. स्टर्न्सच्या हयातीतच, १८४८ मध्ये, हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला.

मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला स्टर्न्स मेक्सिकोचा नागरिक होऊन १८२९ मध्ये कॅलिफोर्नियात आला. सॅन पेड्रो बंदरावरच्या वखारीत तो रँचोंवरून (गुरांच्या मोठ्या जमिनींवरून) येणारी कातडी व चरबी साठवी आणि जहाजांतून उतरलेला माल रँचोवाल्यांना उधारीवर देई. रोकड इतकी दुर्मिळ की कातडेच नाण्यासारखे चाले. १८४१ मध्ये त्याने वजनदार बांदिनी घराण्यातल्या आर्काडियाशी लग्न केले, पुढच्या वर्षी लॉस अलामिटोस हा रँचो घेतला. त्याच वर्षी प्लासेरिटा खोऱ्यात सापडलेल्या सोन्याची सुमारे २० औंस भुकटी त्याने आल्फ्रेड रॉबिन्सन या व्यापाऱ्याबरोबर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाठवली. प्रसिद्ध ‘गोल्ड रश’ला अजून सहा वर्षे होती.

सोन्यामागे माणसांचे लोंढे आले, गोमांसाला भाव आला आणि जी गुरे पूर्वी कातड्यासाठी मारली जात, ती उत्तरेकडे हाकली जाऊ लागली. रँचोवाल्यांच्या हाती पैसा खेळला, पाठोपाठ कर्जही चढले. १८५१ च्या कायद्याने जुन्या मेक्सिकन सनदा आयोगापुढे सिद्ध करणे भाग पडले. वकिलांची बिले भागवण्यात अनेकांच्या जमिनी गेल्या. कर्ज देणाऱ्या स्टर्न्सकडे त्यांतल्या काही आल्या. पुढे तोही त्याच फासात अडकला. १८६१ मध्ये त्याने लॉस अलामिटोस गहाण टाकून २०,००० डॉलर उचलले, व्याज दरमहा दीड टक्का. १८६३-६४ च्या दुष्काळात हजारो गुरे मेली आणि तो रँचो सावकाराच्या घशात गेला.

या पडझडीचा इतका जवळून हिशेब देणारी साधने थोडी आहेत. रॉबर्ट ग्लास क्लेलँड या इतिहासकाराने रँचोयुगाचा अभ्यास करताना या दप्तराचा मोठा आधार घेतला. मात्र दप्तर मालकाचे आहे. गुरे वळणाऱ्या, कातडी सोलणाऱ्या मूळ रहिवासी मजुरांची बाजू त्यात शोधून सापडणे कठीण.

१८६८ मध्ये त्याच रॉबिन्सनच्या नावाने विश्वस्त मंडळ उभे राहिले आणि स्टर्न्सच्या उरलेल्या पावणेदोन लाखांहून अधिक एकर जमिनीचे तुकडे पाडून शेतकऱ्यांना विकायला सुरुवात झाली.