संगीत-फाइलींची देवाणघेवाण (पुणे)

ध्वनिमुद्रित गाणी संगणकीय फाइलींच्या रूपात एकमेकांना देण्याघेण्याची पद्धत आणि ती रोखण्यासाठी ध्वनिमुद्रण कंपन्यांनी केलेली कायदेशीर कारवाई, हा या नोंदीचा विषय आहे. इंटरनेटवरून गाणी उतरवून घेणे, मित्राच्या पेनड्राइव्हवरून कॉपी करणे, दुकानातून मेमरी कार्ड भरून घेणे हे सगळे प्रकार तिच्यात येतात. पुण्यात ही सवय इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. ती ध्यानात घेतली नाही, तर पुढचे कायद्याचे प्रकरण अर्धेच कळते.

टेपचा काळ

1953 मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला आकाशवाणीचे पुणे केंद्रही. घरगुती मैफलींची परंपरा शहराला होतीच. आधी स्पूलचे आणि मग कॅसेटचे टेपरेकॉर्डर आले, तसे यजमानाच्या किंवा गायकाच्या संमतीने मैफली टेप होऊ लागल्या आणि त्या टेपच्या प्रती नातेवाइकांत, गुरुबंधूंत, शेजारपाजारी फिरू लागल्या. अशा कॅसेटच्या आतल्या कागदावर निळ्या शाईत राग, ताल, साथीदार, ठिकाण आणि तारीख लिहिलेली असते, आणि खाली कोपऱ्यात ती कोणाकडून मिळाली त्याचे नाव. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांत संपते. विलंबित ऐन रंगात आलेला असताना खट् असा आवाज होतो आणि दुसरी बाजू लावेपर्यंतचे गाणे कायमचे हरवते. प्रतीची प्रत काढली की खरखर वाढे. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नसे. ही झीज हाच त्या काळी प्रतींवरचा खरा लगाम होता. कायद्याची आठवण फारशी कोणाला होत नसे.

विकत मिळणाऱ्या शास्त्रीय संगीतासाठी पुण्यात अलूरकर म्युझिक हाउससारखी संस्था होती. ती निगुतीने कॅसेट काढी आणि रसिक त्या हौसेने विकत घेत. टेपची देवाणघेवाण आणि कॅसेटची खरेदी एकाच घरात सुखाने नांदत होती. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरी असल्याचे चित्र नंतर उभे केले गेले. पुण्यापुरते ते खरे नाही.

एमपीथ्री आणि दुकानाचे काउंटर

जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून आलेल्या एमपीथ्री पद्धतीने ही झीज संपवली. 1995 मध्ये तिला हे नाव मिळाले. कानाला सहसा न जाणवणारे तपशील गाळून ती ध्वनीची फाइल सीडीवरच्या मापाच्या सुमारे अकराव्या हिश्शावर आणते. पाच मिनिटांचे गाणे साधारण 50 एमबीऐवजी 5 एमबीत बसते. जिथे पंधरा-सोळा गाणी मावत, त्या सीडीवर सव्वाशे-दीडशे मावू लागली. आणि हजारावी प्रतही पहिल्या प्रतीइतकीच स्वच्छ निघू लागली.

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चाले तेव्हा एक गाणे उतरायला पंधरा मिनिटे लागत आणि मध्येच लाइन तुटे. म्हणून पुण्यात गाणी हातोहातच जास्त फिरली. अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत खोल्याखोल्यांतले संगणक एका जाळ्यात जोडलेले असत. एकाने आणलेली सीडी रात्रीतून मजलाभर होई. शहरभर मोबाइलच्या दुकानांतून ‘गाणी भरून मिळतील’ असे फलक लागले. गिऱ्हाइकाने कार्ड पुढे केले की दुकानदार ते रीडरमध्ये घाली आणि संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवी. पडद्यावर फोल्डर ओळीने मांडलेले असत: लावण्या, अभंग, गणपती, जुनी हिंदी, नवीन हिंदी. गिऱ्हाईक बोट दाखवी आणि हिरवी पट्टी पुढे सरकू लागे. गिऱ्हाइकाने दुकानदाराला दिलेल्या पैशातला एक रुपयाही गीतकार, संगीतकार, गायक किंवा कंपनी यांच्यापर्यंत पोचत नसे. मित्राने मित्राला दिलेली टेप आणि हा रोजचा धंदा यांत फरक केलाच पाहिजे, आणि कायदाही तो करतो.

अमेरिकेतील खटले

1999 च्या जूनमध्ये नॅप्स्टर सुरू झाले. वापरणाऱ्यांच्या संगणकांवरची गाणी एकमेकांना थेट मिळतील अशी त्याची रचना होती, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असे. त्याच डिसेंबरात तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला. 2001 च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाचा निकाल नॅप्स्टरच्या विरोधात गेला आणि जुलैत ते बंद पडले. पुढच्या प्रणालींनी मध्यवर्ती यादीच काढून टाकली. तरीही 2005 मध्ये ग्रॉक्स्टर या अशाच एका प्रणालीच्या प्रकरणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की, हक्कभंगाला उत्तेजन देण्याच्या हेतूने साधन पुरवणारा स्वतःही जबाबदार असतो.

2003 च्या सप्टेंबरपासून कंपन्यांनी आपला मोर्चा थेट ऐकणाऱ्यांकडे वळवला. पहिल्याच फेरीत 261 जणांवर दावे झाले. न्यूयॉर्कमधल्या एका 12 वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनी 2,000 डॉलर भरून तडजोड केली. मिनेसोटातील एका महिलेला 24 गाण्यांपायी 2,22,000 डॉलर नुकसानभरपाई ठोठावण्यात आली. मधल्या फेरसुनावणीत हाच आकडा 19 लाख 20 हजारांवर गेला होता. 2008 च्या अखेरीस असे नवे दावे थांबवल्याचे उद्योगाने जाहीर केले, तोवर सुमारे 35,000 लोक या फेऱ्यात सापडले होते. ऐकणाऱ्यालाच आरोपी करणारा हा मार्ग चुकीचा होता. त्याने भीती पसरली, पण गाण्यांची ने-आण थांबली नाही.

भारतीय कायदा

भारतात ऐकणाऱ्यांवर अशी दाव्यांची लाट आली नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंड आहे. पण कृत्य धंद्यातल्या फायद्यासाठी केलेले नसेल, तर कारण नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायालयाला आहे. कलम 52 खासगी वापरासाठीच्या वाजवी व्यवहाराला संरक्षण देते, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर ते ध्वनिमुद्रणांनाही लागू झाले. कलम 64 नुसार फौजदार दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय प्रती जप्त करू शकतो. कलम 62 मुळे हक्कधारकाला स्वतःच्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. पुण्यातल्या प्रकाशकाला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन दाद मागता येते, प्रतिवादी कुठेही बसलेला असो. छोट्या प्रकाशकाच्या दृष्टीने हे कलम फार मोलाचे आहे.

उद्योगाचा भर दुकानांवरील छाप्यांवर आणि संकेतस्थळांवर राहिला. 2012 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने 104 संकेतस्थळे अडवण्यात आली. मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानांसाठी उद्योगाच्या संघटनेने परवाना योजनाही काढली. छाप्यांपेक्षा ही वाट शहाणपणाची होती. 2016 च्या डिसेंबरात सुपर कॅसेट्स (टी-सीरीज) ही कंपनी आणि मायस्पेस हे संकेतस्थळ यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले की, विशिष्ट फाइलीची प्रत्यक्ष माहिती असल्याशिवाय मध्यस्थ संकेतस्थळाला दोषी धरता येत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, अडवलेले पान नुसते पाहणे हाच गुन्हा असल्याचे सांगणारी सूचना बदलायला लावली. हे प्रकरण चित्रपटाचे होते, पण तत्त्व गाण्यांनाही तेवढेच लागू पडते.

2016 च्या सप्टेंबरनंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गाणी वाहत्या स्वरूपात (स्ट्रीमिंग) फुकट किंवा थोड्या पैशांत कायदेशीरपणे मिळू लागली. कार्ड भरून देणारी दुकाने ओस पडली ती या कारणाने.

एका फोल्डरमधले हक्क

पुण्यात घरोघरी सापडणारे ‘गीतरामायण’ नावाचे फोल्डर उदाहरणादाखल घेता येईल. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही 56 गीते. शब्द आणि चाल यांवरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत. सुधीर फडके 2002 मध्ये गेले, म्हणून चालींवरचा 2062 अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणावरचा हक्क यांहून वेगळा, आणि तो मुद्रण प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षांचा. म्हणजे एखादी जुनी तबकडी मोकळी झाली, तरी तिच्यातले गाणे मोकळे झालेले नसते.

मैफलीच्या टेपचा गुंता याहून अवघड आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण कलम 39 ने क्षम्य ठरवले आहे. पण तीच टेप फाइल करून सर्वांसाठी खुली केली, तर ती सवलत उरत नाही. कलाकाराचा हक्क सादरीकरणापासून 50 वर्षांचा. 1970 च्या मैफलीला तो लागू धरला, तरी 2020 अखेर संपला. ध्वनिमुद्रणाची 60 वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. जी टेप कधी प्रकाशितच झाली नाही, तिची मोजणी सुरूच होत नाही. पुण्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा टेपचे खोके आहेत. फितीवरचा लेप सुटत चालला आहे, ज्यांनी त्या टेप केल्या ते आता हयात नाहीत, आणि परवानगी कोणाची घ्यायची हे वारसांना ठाऊक नाही. अशा टेप कलाकारांच्या घरच्यांना विचारून, विनामोबदला अभ्यासासाठी एखाद्या संग्रहाकडे सोपवणे हाच आजच्या कायद्यात बसणारा सर्वांत सरळ मार्ग आहे. सोपवताना आतला तो निळ्या शाईचा कागद सोबत द्यावा, कारण राग आणि तारीख बहुतेक वेळा फक्त त्याच्यावरच असते.