कपात वेगळी, डिफरल वेगळं

कॅलिफोर्नियात मंदीची नुसती चाहूल लागली की आमच्या बे एरियातल्या ओळखीच्या घरांतून एकच वाक्य ऐकू येतं, कम्युनिटी कॉलेजचे (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचे) पैसे कापले, आता मुलांचे क्लासेस गेले. मग दोन वर्षांनी तीच माणसं विचारतात, राज्याने कॉलेजांना एवढे कोट्यवधी डॉलर दिले तर शिक्षकांचे पगार का वाढत नाहीत? दोन्ही वेळेला घोळ तोच असतो. कपात आणि डिफरल, म्हणजे मंजूर पैसे उशिरा देणं, एकाच पोत्यात घालतात. कॉलेजच्या कारभारी बोर्डाच्या मीटिंगला जाऊन जाऊन मला हे इतक्यांदा समजवावं लागलंय की आता लिहूनच ठेवते.

कपात तुम्हाला माहितीच आहे. राज्याचा इन्कम टॅक्स घटला, कॉलेजला मिळणारी रक्कम कमी केली, विषय संपला, तो पैसा परत येत नाही. 2008 नंतर हेच झालं. सेक्शन, म्हणजे वर्गाच्या तुकड्या, बंद झाले, पार्ट-टाइम शिकवणाऱ्यांना पुढच्या सेमिस्टरला बोलावलंच नाही, फी 2009 मध्ये युनिटमागे (अभ्यासक्रम मोजायचं एकक) 20 वरून 26 डॉलर, 2011 मध्ये 36 आणि 2012 च्या उन्हाळ्यात 46 झाली. आणि नोकऱ्या गेलेली माणसं नेमकी तेव्हाच काहीतरी नवं शिकायला दारात उभी होती.

आता डिफरल. राज्याचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. राज्य म्हणतं, तुमचे पैसे मंजूर आहेत, एक डॉलरही कमी नाही, फक्त जूनचा हप्ता जुलैत देतो. कॉलेजला वाटतं चार आठवडेच तर थांबायचंय, पण राज्याच्या वहीत तो खर्च पुढच्या वर्षात गेला आणि यंदाची तूट तेवढी भरून निघाली. एकदा ही सवय लागली की जूनवर थांबत नाही, मे जातो, एप्रिल जातो. 2011-12 पर्यंत असे ढकललेले पैसे 96 कोटी 10 लाख डॉलरवर गेले होते. 2020-21 मध्ये कोविडच्या भीतीने पुन्हा तेच, या वेळी सुमारे 145 कोटी.

खरी गफलत पुढे आहे. कॉलेज आपल्या हिशोबात हे पैसे यंदाचं उत्पन्न म्हणूनच धरतं, येणे बाकी म्हणून, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे बजेटच्या पुस्तकात शिल्लक अगदी ठणठणीत दिसते आणि बँकेत मात्र मे महिन्याचा पगार करायला पैसे नसतात. आपल्याकडे ऊस उत्पादकाला हे एका वाक्यात कळेल. कारखान्याने दर कमी दिला ही कपात, आणि दर ठरला तोच पण बिल थकवलं हे डिफरल. बिल थकलं म्हणून शेतकरी गरीब झाला असं वहीत दिसत नाही, पण खताची उधारी, मुलाची फी, मजुरी कुणी थांबत नाही, म्हणून तो कर्ज काढतो. कॉलेजही तेच करतं, स्वतःच्या दुसऱ्या फंडातून उसने घेतं, काउंटीकडे मागतं नाहीतर बाजारातून थोड्या मुदतीचं कर्ज उचलतं, आणि त्याचं व्याज स्वतःच भरतं. म्हणजे डिफरल फुकट नाही, पण ती कपातही नाही.

म्हणूनच राज्याने थकलेले पैसे दिले की त्याला "नवीन निधी" म्हटलेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. 2021 च्या बजेटमध्ये ते 145 कोटी फेडले गेले, बातम्यांत आकडा मोठा दिसला, आणि लोक पगारवाढ मागायला निघाले. अहो ते पैसे शिकवून झालेल्या वर्षाचे होते, उत्पन्नात धरून केव्हाच खर्च झाले होते! थकलेलं ऊसबिल हातात आलं म्हणून कुणी यंदाचा दर वाढला म्हणतं का? पगारवाढ मागावी, जरूर मागावी, शिक्षकांचा हक्क आहे तो, पण दरवर्षी येणाऱ्या वाढीतून मागावी. नाहीतर एकदाच आलेल्या पैशावर कायमचा खर्च बसतो आणि पुढच्या मंदीत सगळ्यात आधी पार्ट-टाइमवालेच घरी जातात.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे, "रिझर्व्ह आहे ना, मग रडता कशाला?" रिझर्व्ह म्हणजे राखीव शिल्लक. ती किती हा अर्धाच प्रश्न झाला, त्यातली रोख किती ते विचारा. कित्येक वर्षं वर्षाच्या खर्चाच्या 5 टक्के रिझर्व्ह पुरेसा मानायचे, तो तीन आठवड्यांच्या खर्चाएवढाही नाही. मला स्वतःला दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रोख असलेलं कॉलेजच सुरक्षित वाटतं, सरकारी वित्त अधिकाऱ्यांची अमेरिकेतली संघटनाही तेवढंच सांगते.

नव्या इमारतीचं मात्र यात आणू नका. ते पैसे मतदारांनी मंजूर केलेल्या बाँडचे (कर्जरोख्यांचे) असतात आणि त्यातून पगार देता येत नाही, बस.

गोंधळ होतो त्याला कारणही आहे म्हणा. 2009 ते 2012 मध्ये दोन्ही एकदम आलं, कपातही आणि डिफरलही, त्यामुळे वर्गात बसणाऱ्याला एकच दुखणं वाटलं. पण उपाय उलटे आहेत. कपातीला खर्च कमी करावा लागतो, डिफरलला रोकड उभी करावी लागते, आणि डिफरल आलं म्हणून घाबरून सेक्शन बंद करणारं कॉलेज पुढच्या वर्षीचं अनुदानही गमावतं, कारण ते बरंचसं विद्यार्थीसंख्येवर ठरतं. बे एरियातल्याच मॅरिन किंवा सॅन मटेओसारख्या कॉलेज डिस्ट्रिक्टना यातलं फारसं काही लागत नाही, त्यांचा खर्च स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधूनच निघतो.

तर पुढच्या मीटिंगला गेलात की बजेटचा तो रंगीत गोल चार्ट सोडून द्या आणि महिन्यागणिक रोख रकमेचा तक्ता मागा. त्यात फेब्रुवारी ते जूनची ओळ वाचा.