कोरडे डोळे आणि गॅमा साखळी

"आई म्हणवते आणि डोळ्यांत टिपूस नाही! हिनेच केलं असणार."

आमच्या लॅबमध्ये चहाच्या वेळी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुठलं वाक्य कुठल्या प्रकरणातलं, हे आता आठवतही नाही. लेकरू गेलं आणि संशय आईबापावर आला, की टीव्हीसमोर बसलेला प्रत्येक जण न्यायाधीश होतो. चॅनेलवर देहबोलीचे तज्ज्ञही बसलेले असतातच. समोरचा खोटं बोलतोय का, हे नुसतं बघून-ऐकून ओळखण्यात माणसं किती बरोबर ठरतात, याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. उत्तर आलं सुमारे ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०.

तरी कोणी ऐकत नाही. मग मी लिंडी चेंबरलेनची गोष्ट काढतो. त्यात हिमोग्लोबिन आहे, आणि ते माझं रोजचं काम.

१७ ऑगस्ट १९८० ची रात्र. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध उलुरू नावाचा प्रचंड लाल खडक आहे, त्याच्या पायथ्याशी पर्यटकांचे तंबू होते. चेंबरलेन कुटुंबाची नऊ आठवड्यांची अझारिया तंबूत झोपली होती. रडण्याचा आवाज आला, लिंडी धावली, तंबूतून डिंगो (तिथला रानकुत्रा) बाहेर पडताना तिला दिसला. आत बाळ नव्हतं. वाळूतले माग काढण्यात मुरलेल्या स्थानिक अनंगू लोकांनी डिंगोचे ठसे पाहिले आणि तो काहीतरी ओझं नेत होता असं सांगितलं. आठवड्याने बाळाचा रक्ताळलेला झबला सापडला. देह कधीच मिळाला नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने थेट टीव्हीवरून निकाल वाचला: काम डिंगोचं, आईबाप निर्दोष.

लोकांना ते पटलं नाही. बाई कॅमेऱ्यासमोर शांतपणे बोलत होती, डिंगो कपडे कसे सोलून काढेल तेसुद्धा सांगत होती. त्यात नवरा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या छोट्या पंथाचा धर्मोपदेशक. झालं! अझारिया म्हणजे 'अरण्यातला बळी' अशी आवई उठली. प्रत्यक्षात त्या हिब्रू नावाचा अर्थ 'देवाने साहाय्य केलं' असा आहे. कोश उघडायला दोन मिनिटं लागली असती. 'डिंगो निर्दोष आहे' असे टी-शर्ट विकले गेले. नरबळी देतो तो अंधश्रद्धाळू, हे आपल्याला पटकन कळतं. पण पुराव्यावाचून शेजारणीवर तसा आळ घेणाराही त्याच माळेचा मणी. नंदुरबारकडे एखादीला डाकीण ठरवतात, तेव्हा ठरवणाऱ्यांना आपण फार सावध माणसं आहोत असंच वाटत असतं.

मग आलं 'विज्ञान'. पोलिसांनी चेंबरलेनांची गाडी पुन्हा तपासायला घेतली आणि प्रयोगशाळेने कळवलं की गाडीत रक्त आहे, आणि तेही तान्ह्या बाळाचं. आईनेच गाडीत बाळाला मारलं, असा खटला उभा राहिला.

रक्त बाळाचं की मोठ्याचं हे कसं कळतं? इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. मोठ्या माणसात दोन अल्फा, दोन बीटा. गर्भात दोन अल्फाच, पण बीटांच्या जागी दोन गॅमा. हा बदल कशासाठी? पोटातल्या बाळाला फुप्फुसातून श्वास नाही, वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घ्यायचा. आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा बाळाच्याची पकड घट्ट असेल तरच हे जमेल. तांबड्या पेशीत बीपीजी नावाचा एक लहानसा ऋणभारित रेणू असतो. तो दोन बीटांच्या मधल्या खाचेत शिरून बसतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. या साखळ्या म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांच्या माळा. बीटा साखळीत १४३ व्या जागी हिस्टिडीन नावाचं धनभारित अमिनो आम्ल असतं, ते त्याला धरून ठेवतं. गॅमामध्ये त्याच जागी सेरीन आहे, त्याच्यावर धनभार नाही. बीपीजी नीट बसतच नाही. म्हणून निम्मं हिमोग्लोबिन भरायला मोठ्यांत साधारण २७ मिलिमीटर पाऱ्याइतका ऑक्सिजनचा दाब लागतो, तिथे गर्भाचं २० च्या आतबाहेर भागतं. एक अमिनो आम्ल बदललं आणि बाळाची सोय झाली! पंचवीस वर्षं शिकवतोय, अजून या जागेशी आलो की आवाज चढतो.

जन्मानंतर गॅमा ओसरते, बीटा वाढते. सहा महिन्यांत बहुतेक काम उरकतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा दोष बीटा साखळीत असतो, त्यामुळे गडचिरोलीत असं बाळ जन्मलं तर पहिले काही महिने छान दिसतं आणि मग दुखणं सुरू होतं, ते यामुळेच. नऊ आठवड्यांच्या अझारियाच्या रक्तात गर्भाचं हिमोग्लोबिन भरपूर असणार, हा तर्क अगदी बरोबर होता.

घोळ झाला तो हत्यारात. हे हिमोग्लोबिन ओळखायला अँटिसिरम वापरतात. साधारणपणे सशाला गर्भाचं हिमोग्लोबिन टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती काढून घ्यायची. पण सशाला आपली अडचण काय ठाऊक? तो गॅमाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतो तशी अल्फाविरुद्धही बनवतो, आणि अल्फा तर तुमच्या-माझ्या रक्तातही आहे. म्हणून ते सिरम मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये मुरवून अल्फावाली प्रतिपिंडं काढून टाकावी लागतात. तांदूळ निवडण्यासारखंच आहे, चार खडे राहिले की दाताखाली येतात. मग जेलच्या प्लेटवर समोरासमोरच्या दोन खळग्यांत एकीकडे नमुना, दुसरीकडे सिरम घालून वीज सोडली की मधे केसासारखी पांढरी रेघ उमटते. ती गॅमामुळे उमटली की राहून गेलेल्या अल्फावाल्यांमुळे, हे रेघ सांगत नाही. शेजारी मोठ्यांच्या रक्ताचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, काटेकोरपणे लावला असेल, तरच कळतं.

बचाव पक्षाचे प्राध्यापक बॅरी बॉएचर खटल्यात नेमकं हेच सांगत होते. प्लेटा बघायला मागाव्यात तर त्या प्रयोगशाळेच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे टाकून दिलेल्या होत्या. ज्युरीतल्या सामान्य माणसांना अल्फा-गॅमा कितपत समजलं असेल, शंकाच आहे. 'बाळाचं रक्त' हे दोन शब्द मात्र कोणालाही समजतात. २९ ऑक्टोबर १९८२ रोजी लिंडीला सक्तमजुरीची जन्मठेप झाली, आणि तिला साथ दिल्याबद्दल नवराही दोषी ठरला. तेव्हा लिंडी गरोदर होती, मुलगी तुरुंगात असताना जन्मली.

रक्त आहे की नाही याची पहिली चाचणीही अशीच भोळी. ऑर्थोटोलिडीन हे रसायन रक्तातल्या हीममुळे (हिमोग्लोबिनमधल्या लोहाच्या भागामुळे) निळं होतं, पण तांब्यामुळेही होतं, आणि चेंबरलेन राहत ते माउंट आयसा तांब्याच्या खाणींचंच गाव. चुलतभाऊ वाटावा असा प्रयोग घरी करता येतो. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर फसफसतं. बटाट्याच्या ताज्या कापावर टाकून बघा, तिथेही फसफसतं. म्हणून बटाट्याचा खून झाला असं कोणी म्हणत नाही.

फेब्रुवारी १९८६ मध्ये, उलुरूवरून पडलेल्या एका पर्यटकाचा शोध चालू असताना, डिंगोंचा वावर असलेल्या भागात बाळाचं जाकीट सापडलं. झबल्यावर डिंगोची लाळ नाही, हा फिर्यादींचा मोठा मुद्दा होता. वरून जाकीट होतं, असं लिंडी पहिल्यापासून सांगत होती आणि ती खोटं बोलते असं ठरवलं गेलं होतं. काही दिवसांत तिला सोडलं. १९८७ च्या मॉर्लिंग आयोगाने रक्ताचा सगळा पुरावा पुन्हा उकरला. गाडीत अझारियाचं रक्त असल्याचं सिद्ध होत नव्हतं. डॅशबोर्डखालचा तो गाजलेला 'रक्ताचा फवारा' म्हणजे आवाज कमी करायला कारखान्यातच मारलेलं डांबरी रसायन होतं. १९८८ मध्ये न्यायालयाने दोघांचीही शिक्षा रद्द केली.

लिंडीला आलेली वीस हजारांवर पत्रं आता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत शिव्या आहेत, सांत्वन आहे. १२ जून २०१२ रोजी, एलिझाबेथ मॉरिस या अधिकारी बाईंनी डार्विनमध्ये चौथ्या चौकशीचा निकाल वाचला: अझारियाला डिंगोने नेलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहायला बत्तीस वर्षं लागली. निकाल वाचताना मॉरिसबाईंचा आवाज भरून आला होता.