बनगावचं पिंप

पटकी, म्हणजे कॉलरा, झालेल्या माणसाचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असतात. जोराचा झटका असेल तर तासाला लिटरभर पाणी अंगातून निघून जातं. डोळे खोल जातात, नाडी हाताला लागेनाशी होते आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. आपल्याकडे गावोगावी मरीआईची ठाणी आहेत, ती याच धास्तीतून.

1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पावसाळा, चिखल, दाटीवाटीच्या छावण्या, त्यात पटकी. सीमेजवळच्या बनगावच्या इस्पितळात पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या आणि खाटा सोळा. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा माणसं जमिनीवर पडली होती. सलाइनची सुई टोचायची तर त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. थोड्याच दिवसांत सलाइनचा साठाही संपत आला.

महालनबीस कलकत्त्याच्या ज्या संशोधन केंद्रात काम करत, तिथे तोंडावाटे क्षार-पाणी देण्यावर अभ्यास चालला होता. ढाक्यात 1968 साली डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या अमेरिकी डॉक्टरांनी रुग्णांवर तो उपाय यशस्वी करून दाखवला होता. पण ते सगळं तज्ज्ञांच्या नजरेखाली, मोजूनमापून. अशिक्षित नातेवाइकांच्या हाती हे सोपवायला डॉक्टरमंडळी धजत नव्हती. छावणीत मात्र दुसरा मार्गच उरला नव्हता.

मग लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा, असं मिश्रण ठरलं. केंद्राच्या ग्रंथालयात बसून पुड्या भरल्या गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने बंद केली गेली. बनगावला हे पाणी तोटी लावलेल्या पिंपांत कालवून ठेवलं. आई, भाऊ, शेजारी, जो कोणी सोबत असेल त्याने पेला भरून आणायचा आणि पाजत राहायचं. नाडीच लागत नसलेल्यांना आधी सलाइन, आणि ते सावरले की त्यांनाही हेच पाणी. पूर्वी शंभरातले जवळपास तीस रुग्ण दगावत होते. पिंपं आल्यावर ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं.

हे घडलं कसं? पटकीचं विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर टाकायला लावतं आणि क्षारांपाठोपाठ पाणी वाहत जातं. अशा वेळी नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी पाजून फारसं भागत नाही. पण त्याच पेशींवर एक दार असं आहे की ज्याला हे विष हात लावू शकत नाही. त्या दारातून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत घेऊनच जातं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरात शिरतं. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडली होती. म्हणजे साखर इथे ताकदीसाठी नाही, मिठाला आत नेण्यासाठी आहे. ऐन पटकीत, आतडं पूर्ण हरल्यासारखं दिसत असतानाही हे दार उघडं असतं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

या शोधाला 1978 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळालं ते 2023 साली, त्यांच्या निधनानंतर. फार उशीर झाला. बांगलादेशात मात्र 1980 च्या दशकात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी फिरल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे माप त्यांनी लाखो आयांना शिकवलं.

मराठीत आपण याला जलसंजीवनी म्हणतो. पुडी दुकानात मिळते, आरोग्य केंद्रातही मिळते. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, कमीजास्त नको. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ. मूल मलूल पडलं, पाणी पिईना, तर तडक दवाखाना गाठा. नुसतंच ओकलं, तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा पाजायला घ्या, चमचा चमचा.