कुरितिबाची बस वाहतूक पद्धती

ब्राझीलमधील पाराना राज्याची राजधानी कुरितिबा येथे १९७४ पासून चालू असलेली नागरी बससेवा. बससाठी राखीव मार्गिका, गाडीच्या दाराइतका उंच फलाट, आत चढण्यापूर्वीच तिकीट आणि एकाच भाड्यात गाड्या बदलण्याची मुभा, या गोष्टींची एकत्र घडी प्रथम येथे बसली. ‘बीआरटी’ (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे जलद बस वाहतूक) या नावाने पुढे जगभर पसरलेल्या पद्धतीचे हे माहेर. २०२२ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख ७४ हजार आहे.

शहराच्या नियोजनासाठी १९६५ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली व १९६६ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला. आराखडे सगळीकडेच होतात. येथे तो कपाटातून बाहेर आला, तो वास्तुविशारद जेमी लर्नर (१९३७–२०२१) १९७१ मध्ये महापौर झाल्यावर. मे १९७२ मध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी भर बाजारपेठेतला मुख्य रस्ता खणायला घेतला आणि तीन दिवसांत तो पादचाऱ्यांसाठी मोकळा करून टाकला. धंदा बसेल म्हणून दुकानदार खवळले होते. काही मोटारवाले रस्त्यात गाड्या घालणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तेथे कागदाचे लांबच लांब पट्टे अंथरून मुलांना चित्रे काढायला बसवले गेले. गाड्या आल्या नाहीत. मात्र लर्नर तेव्हा लष्करी राजवटीने नेमलेले महापौर होते, निवडून आलेले नव्हते. कुरितिबाचे गोडवे गाताना ही गोष्ट सहसा गाळली जाते.

पद्धतीचा गाभा म्हणजे तिहेरी रस्ता. एकच रुंद हमरस्ता करायचा तर दुतर्फा घरे पाडावी लागली असती. त्याऐवजी आधीपासून असलेले तीन समांतर रस्ते मिळून एक मानले गेले. मधल्या रस्त्याच्या मध्यभागी येण्याजाण्याच्या बस मार्गिका, त्यांच्या कडेला स्थानिक, संथ वाहतूक. एकेक गल्ली सोडून दोन्ही अंगांना एकेरी रस्ते, एक शहराकडे येणारा, दुसरा बाहेर जाणारा. या पट्ट्यांलगतच उंच इमारतींना जादा चटईक्षेत्र दिले, इतरत्र ते आवळले. त्यामुळे नकाशाविनाही बसचा मार्ग ओळखता येतो: उंच इमारतींची रांग दिसते तिकडे लाल बस असते. बसमागे शहर धावले, शहरामागे बस नव्हे. आणि नक्कल करणाऱ्यांकडून नेमके हेच निसटते.

१९९१ मध्ये नळीच्या आकाराचे काचेचे थांबे आले. उतारू नळीच्या तोंडाशी पैसे देऊन फिरत्या दांडीतून आत जातो. बस थांबली की तिच्या दारातून एक फळी फलाटावर पडते आणि पायरी न चढता माणसे आतबाहेर होतात. वाहकाची शोधाशोध नाही, सुट्ट्या पैशांची हुज्जत नाही. १९९२ मध्ये दोन सांध्यांच्या, २५ मीटर लांबीच्या व सुमारे २७० उतारू मावणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. भाड्याची रक्कम एकत्र जमा करून खासगी बस कंपन्यांना उतारूंच्या संख्येवर नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरवर मोबदला देण्याची पद्धत ठेवल्याने उतारू पळवण्याची शर्यतही उरली नाही.

कोलंबियातील बोगोटा शहराने हाच धडा घेऊन डिसेंबर २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनिओ’ सुरू केली. भारतात पहिला प्रयोग पुण्याचा: डिसेंबर २००६, कात्रज–स्वारगेट–हडपसर. तेथे मार्गिका आली, पण दुचाक्याही तिच्यात घुसल्या, आणि थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून पोहोचणे हेच उतारूचे दिव्य ठरले. २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने सुधारित मार्ग आले. त्यांपैकी नगर रस्त्यावरचा काही भाग पुढे उखडला गेला. अहमदाबादची ‘जनमार्ग’ (२००९) अधिक काळ टिकली, तर दिल्लीची मार्गिका २०१६ मध्ये मोडीत निघाली.

खुद्द कुरितिबातही दरडोई मोटारी पुष्कळ आहेत आणि अलीकडच्या काळात बसचे उतारू घटले आहेत. मेट्रोचे बेत अनेकदा आखले गेले, ते कागदावरच राहिले.