जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडा: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

माळ्यावर जुना डेस्कटॉप पडून असेल तर टीव्हीसाठी नवीन काही घेण्याआधी तो आमच्याकडे तपासायला आणा. त्यावर लिब्रेएलेक ही मोफत, मुक्त-स्रोत प्रणाली टाकली की बटण दाबताच टीव्हीवर थेट ‘कोडी’ हा सिनेमे-गाणी चालवणारा प्रोग्राम उघडतो. सिनेमे, गाणी, फोटो सगळं एका पडद्यावर. लायसन्स नाही, वर्गणी नाही. कोडीचं काम २००२ साली एक्सबॉक्ससाठी सुरू झालं, २०१४ मध्ये त्याला हे नाव मिळालं आणि आजही जगभरचे स्वयंसेवक तो सांभाळतात.

कुठला कॉम्प्युटर चालतो? इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल तर नेहमीचे फुल एचडी व्हिडिओ बिनघोर चालतात. अडचण येते ती हल्लीच्या मोबाइलवर एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची नवी पद्धत) केलेल्या ४के चित्रीकरणाची. जुन्या प्रोसेसरवर ते अडखळतं आणि पंखा घरघरू लागतो. तसे व्हिडिओ बरेच असतील तर सातव्या पिढीपासून पुढचं मशीन हवं, नाहीतर रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर घ्या. तळहाताएवढा, आवाज न करणारा, १५ वॅटच्या अडॅप्टरवर चालणारा. टीव्हीत सीईसी (जोडलेलं उपकरण टीव्हीच्या रिमोटवर चालवायची सोय) असेल तर तो टीव्हीच्याच रिमोटवर चालतो. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आम्ही पायच सुचवतो. डेस्कटॉपला सहसा ही सोय नसते, तिथे मोबाइलवरचं कोरे अ‍ॅप रिमोटचं काम करतं.

पैसे घालायचेच तर हार्ड डिस्कवर घाला. लग्नाच्या, बारशाच्या, मुंजीच्या डीव्हीडी कपाटात खराब होत असतात. ओरखडे पडतात, थर सुटतात, आणि एक दिवस त्या उघडतच नाहीत. एक साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर शंभरेक मावतात. त्या आजच उतरवून घ्या आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. एकाच डिस्कवर भरवसा टाकू नका. आजी-आजोबांचा आवाज असलेली कॅसेट असेल तर तीही आणा. सिनेमाच्या फाइलला इंग्रजी अक्षरांत नाव आणि पुढे कंसात साल दिलं, की कोडी पोस्टर आणि माहिती बहुतेक वेळा आपणहून शोधतो.

आता जे जमत नाही तेही सांगतो. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांची अधिकृत अ‍ॅप्स कोडीवर नाहीत. घरात मुख्यतः तेच बघत असाल तर स्मार्ट टीव्ही किंवा टीव्हीला लावायची स्टिक घ्या, या खर्चात पडू नका.

आणि ‘सगळे नवे सिनेमे फुकट’ दाखवणारे अ‍ॅड-ऑन (कोडीला जोडायचे जादा प्रोग्राम) आम्ही टाकून देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. कोडी स्वतः कुठलाच सिनेमा पुरवत नाही, तुमच्याकडचा दाखवतो. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात सिनेमे काढले, १९२९ मध्ये प्रभात कंपनी इथेच उभी राहिली. कोल्हापुरात दुकान थाटून सिनेमावाल्यांच्या पोटावर पाय द्यायचा, हे आमच्याच्यानं होणार नाही.

दुकानात येताना फक्त सीपीयू आणा, मॉनिटर नको. टीव्हीच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढून आणा, म्हणजे वायर जोडायला एचडीएमआय सॉकेट आहे की जुनं व्हीजीए ते कळेल. व्हीजीए असेल तर आवाजाची वायर वेगळी लागते. लिब्रेएलेक बसवताना कॉम्प्युटरमधली डिस्क पूर्ण पुसली जाते. तेव्हा हिशेबाच्या फाइली, मुलांचे फोटो आधी काढून ठेवा, किंवा मशीन देतानाच आम्हाला तसं सांगा.